गेटवरची फिरती खुर्ची

पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि वाशीजवळच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझर झालो. ऐंशीच्या दशकातली नवी मुंबई. इमारतींपेक्षा चिखल जास्त. मालकाने गेटवर मला फिरती खुर्ची दिली. फौजेत पहाऱ्यावर जवान बसलेला दिसला तर त्याच्यावर चार्ज लागतो, शिक्षा होते. इथे बसायचाच पगार. मी खूश.

पहाटे पाचला पीटी. सानपाड्यापर्यंत दौड, परत, अंघोळ. मग दिवसभर खुर्ची. चहासुद्धा जागेवर येई. वर्षभरात तहान वाढली, पायाच्या बोटाची जखम भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर निघाली.

"पण मी रोज पीटी करतो, सर."

"आणि नंतर?"

"नंतर बसतो. संध्याकाळपर्यंत."

"तिथेच घोळ आहे, हवालदार. सकाळी पळालात म्हणून दिवसभर बसायची सूट मिळत नाही. गोळ्या देतो, पण दर अर्ध्या तासाने उठा, फिरा. तीन महिन्यांत उतरली नाही तर रोज इंजेक्शन. आणि जखम चिघळली तर बोट काढावं लागेल."

तोफांच्या माऱ्यात डुलकी काढलेला गडी मी, पण सुईच्या नावाने घाम फुटला.

दुसऱ्या दिवसापासून राऊंड सुरू केले. चारच दिवसांत जवळच्या दिवाळे गावचा गार्ड म्हात्रे भडकला.

"साहेब, सारखं येऊन बगता. आमच्यावर भरोसा नाय काय?"

"भरोसा आहे रे. मला शुगर आहे."

 तो माझा पाण्याचा माठ उचलून गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून आला.

"आता तहान लागली का चालत यायचं. आनि मी हाक मारली का उठायचं."

तेव्हापासून दिवसभर त्याची आरोळी, "साहेब, राऊंड!" आणि सुपरवायझर निमूटपणे उठायचा.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन नको. गोळ्या चालू ठेवा, बसू नका." बोटाची जखमही भरली होती. माझा जीव भांड्यात पडला. म्हात्रेने ऐकलं आणि नवस फेडल्यासारखा हसला.

त्या दिवशी नाईक पवार फार आठवला. एकाहत्तरच्या लढाईत माझ्या शेजारच्या खंदकात होता, चोवीस वर्षांचा. उजाडताना पोस्टवर उभा असतानाच पडला. रेडिओवर मीच कळवलं, "नाईक पवार गेला. पोस्ट आपल्याच ताब्यात. ओव्हर."

शुगर, चष्मा, दुखरे गुडघे, यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नाही. ही दुखणी मिळायलाही आधी वय व्हावं लागतं. माझं झालं.