टिटवी आणि चाळीस कुंड्या

"कुंडी हलणार नाही," शिंदे साहेब म्हणाले. "सेक्रेटरी साहेब वीस मिनिटांत पोचतायत."

त्या कुंडीपासून वीतभर अंतरावर टिटवीची चार अंडी होती. टिटवी घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. खडीतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात.

जून महिना, गुरुग्रामजवळचं पाणथळ अभयारण्य. शिंदे साहेब तिथले अधिकारी, मी फोटोग्राफर. नव्या माहितीफलकांसाठी उन्हाळ्यातले पक्षी टिपायचं काम माझ्याकडे होतं. आठ दिवस मी पहाटे दिल्लीतल्या द्वारकेहून निघून हाइडमध्ये, म्हणजे लेन्सपुरती फट ठेवलेल्या तंबूत, घामाने निथळत बसत होते. एका फोटोसाठी. या उन्हात टिटवी अंडी उबवत नाही, थंड ठेवते. पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. आता कुंडीला बिचकून ती खाली उतरेना. डोक्यावर घिरट्या घालत आम्हाला शिव्या देत होती. थोड्याच वेळात अंडी उकडली असती.

दोष माझाच. कोणी पाय देऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळी मी अंड्यांशेजारी चुन्याची फुली मारली होती. मोठे साहेब येणार म्हटलं की रस्त्याकडेला कुंड्या लागतात आणि त्यांच्या जागा चुन्याच्या फुल्यांनी दाखवतात, हे मी साफ विसरले. माळ्याला फुली दिसली, त्याने कुंडी ठेवली. त्याचं काम चोख होतं.

"सर, अंडी मरतील."

"अहो नीलाताई, चाळीस गमल्यांची बिल्कुल सरळ लाइन आहे. मधला काढला तर दात पडल्यासारखं दिसेल, यार."

माझं डोकं फिरलं. कुंडी उचलली, हाइडमध्ये नेली आणि तिच्याशेजारी बसले. तेवढ्यात गाड्या आल्या म्हणून वाचले.

सेक्रेटरी साहेब नेमके रिकाम्या जागेपाशी थांबले. "यहाँ गमला क्यों नहीं है?"

शिंदे साहेब जराही अडखळले नाहीत. "सर, नेस्टिंग साइट है. जानबूझकर छोड़ा है."

सगळे मागे सरकले. टिटवी उतरली. पोटाची पिसं ठिबकत होती. ती अंड्यांवर बसली. मी शटर दाबत राहिले. खरं सांगते, डोळे भरून आले होते.

चारही पिल्लं निघाली. फोटो फलकावर लागला. शाबासकी शिंदे साहेबांना मिळाली. आता प्रत्येक व्हीआयपी भेटीत रांगेतली एक जागा रिकामी ठेवायचा लेखी आदेश आहे, अगदी डिसेंबरातसुद्धा. ती जागा चुकू नये म्हणून तिथे चुन्याची फुली मारतात. माळी दरवेळी तिथे कुंडी ठेवतो.

मी शिकले ते इतकंच, की खूण करण्याआधी माळ्याशी बोलावं.