वाघूर सोडण्यापूर्वी एक पुडी

बिनचिठ्ठीच्या वस्तूवर ज्याचा काडीइतकाही विश्वास नव्हता असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. वडीगोद्रीला फाट्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. मी तिथल्याच शाळेत मास्तर असल्यामुळे शाळा सुटली की त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो, आणि बसल्या बसल्या माझ्यावर अजून चिठ्ठी कशी लागली नाही याचा विचार करायचो. घरात मामींच्या मिठाच्या बरणीवर ‘मीठ. पोटात घेण्यासाठी’ अशी चिठ्ठी होती, रॉकेलच्या डब्यावर ‘पोटात घेऊ नये’ अशी, आणि लोणच्यावर ‘थोडे थोडे’. आमच्या लग्नात मामांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच्या पोटाखाली लिहिलं होतं : ‘रोज सकाळी एकदा किल्ली द्यावी. जास्त देऊ नये. त्रास झाल्यास लगेच कळवावे.’ मामी म्हणायच्या, हे एवढं लिहितात, पण मला या घरात आणलं तेव्हा माझ्या बापाला यांच्याबद्दल एक ओळसुद्धा कुणी लिहून दिली नाही.

दुकानात तर विचारूच नका. पातळ औषधाच्या बाटलीवर ते खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. त्या खाचा ते इतक्या जिवापाड सारख्या कापायचे की बघणाऱ्याचा ताप तोवर उतरून जावा. एवढं करून गिऱ्हाईक सुटत नसे. ‘आता तुमी मला सांगा,’ असं म्हणून मामा हाताची घडी घालून उभे राहायचे, आणि औषध कधी, किती, कशाबरोबर हे सगळं त्या माणसानं पाठ म्हणून दाखवल्याखेरीज पिशवी त्याच्या हातात पडत नसे. एकदा शहागडचा एक गृहस्थ निम्म्यावर अडखळला आणि नेमकी बस आली. कंडक्टर घंटी मारत राहिला, गृहस्थ एक पाय दुकानात आणि एक रस्त्यावर ठेवून घायकुतीला आला, पण मामांनी पिशवी सोडली नाही. म्हणाले, ‘बस दुसरी यील. पोट दुसरं न्हाई मिळत. पयल्यापासून म्हना बरं.’ गृहस्थाची बस गेली, पण औषध आयुष्यभराचं पाठ झालं.

निम्म्या गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हतं हे मामांचं कायमचं दुखणं. त्यावर त्यांनी चित्रांचा उपाय काढला. पुडीवर उगवता सूर्य म्हणजे सकाळची गोळी, डोक्यावरचा सूर्य म्हणजे दुपारची, आणि बुडता म्हणजे संध्याकाळची. मामा चित्रकार नव्हते, त्यामुळे उगवता आणि बुडता यांत फरक दिसावा म्हणून बुडत्याला ते झोपाळू डोळे काढायचे. हे पावसाळ्यापर्यंत बरोबर चाललं. मग एक शेतकरी कण्हत आला, तो तीन दिवस गोळी न घेता. कारण तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. तो म्हणाला, ‘तुमीच सूर्य काढला ना? सूर्य निघालाच न्हाई, मंग गोळी कशी घेऊ?’ दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर चिडला असता. मामांनी त्याची माफी मागितली. मला म्हणाले, चूक त्याची नाही, चिठ्ठीची आहे. माणूस चुकला की चिठ्ठी चुकली असं समजणारा दुसरा दुकानदार मी तरी पाहिला नाही.

सूर्य गेला आणि त्याच्या जागी भाकरी आली. ती नवरात्रापर्यंत टिकली. नवरात्रात एका बाईनं नऊ दिवस शाबुदाण्यावर काढले आणि भाकरी खाल्ली नाही म्हणून गोळीही घेतली नाही. तेव्हा मामांनी चित्रं सोडूनच दिली आणि प्रत्येकाला एकच विचारायला लागले, की बाबा, तुझ्या दिवसात न चुकणारं असं काय आहे? मग कुणाची गोळी धार काढून झाल्यावर, कुणाची मारुतीला पाणी घातल्यावर. एका पानपट्टीवाल्याच्या बाटलीवर त्यांनी ‘पहिल्या तंबाखूआधी एक खाच’ असं लिहिलं. त्याला तंबाखू सोडायला सांगणारे डॉक्टर ती बाटली घेऊन स्वतः भांडायला आले. मामा शांतपणे म्हणाले, तंबाखू सोडवायचं काम तुमचं, औषध पोटात उतरवायचं माझं.

अशात एका दिवाळीनंतर ती आली. धनगराची बाई, कडेवर लहान मुलगी, छातीचा आजार. एकदा औषध सुरू करून तिनं मध्येच सोडलं होतं. सहा महिने रोज सकाळी गोळ्या, आणि पुन्हा मध्येच सोडल्या तर पुढं हे औषध लागू पडणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावून पाठवलं होतं. आणि दोनच दिवसांत त्यांचा कळप शहागडच्या पुलावरून गोदावरीपलीकडे चराईला निघणार होता. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई विचारात पडली. गाव रोज नवं, जेवण मिळेल तेव्हा, देऊळ लागलं तर लागलं. शेवटी म्हणाली, ‘वाघूर सोडल्याबिगर आमचा दिस निघत न्हाई.’ रात्री मेंढ्यांभोवती जाळीचं कुंपण लावतात ती वाघूर. ती सकाळी सोडायची हे तिचं काम.

मामांना एवढं पुरलं. त्यांनी दिवसाच्या गोळ्यांची एक अशा तीस पुड्या बांधल्या आणि तिनंच कातलेल्या लोकरीच्या दोऱ्यात ओवून त्यांची माळ केली. माळ वाघुरीच्या खुंटीला बांधायची, म्हणजे पुडीला हात लागल्याशिवाय जाळी सुटणार नाही. दर महिन्याला नवऱ्यानं येऊन पुढची माळ न्यायची. तिच्याकडून सगळं तीनदा म्हणवून घेतलं. ती गेल्यावर मामांना चैन पडेना. सकाळी मी शाळेत जाताना दिसलो की हाक मारून म्हणायचे, ‘सोडली आसंल आता वाघूर.’ मी हो म्हटलं की त्यांना बरं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात नवरा भलत्याच दिवशी, महिना भरायच्या आतच, एका ट्रकमधून उतरला. त्याला बघून मामा कात्री ठेवून दुकानाबाहेर आले. त्यांना वाटलं, बाईनं औषध सोडलं, नाहीतर बाईच राहिली नाही. तो म्हणाला, ‘कोकरानं तीन दिस खाल्ले.’ खुंटीवरच्या माळेतल्या तीन पुड्या एका कोकरानं कागदासकट फस्त केल्या होत्या, आणि तीन दिवस कमी पडतील म्हणून बाईनं नवऱ्याला लगोलग पिटाळलं होतं. कोकरू ठणठणीत होतं. मामांनी तीन नव्या पुड्या बांधल्या, माळ उंच बांधायला सांगितली, आणि पुड्यांवर लिहिलं : ‘जनावरांना देऊ नये.’ हे वाचणार कोण, असं मी विचारलं. मामा म्हणाले, वाचणारा नाही म्हणून लिहायचं नाही, असं कुठं असतं?

पावसाच्या तोंडावर कळप परत आला आणि ती दुकानात आली. अंग भरलं होतं. तिनं ओटीतून लोकरीचा दोरा काढला. त्यात सगळ्या पुड्यांचे रिकामे कागद परत ओवलेले होते. मामांनी ते मोजले. एकशे ऐंशी भरले, कोकरानं खाल्लेल्या तिन्हींच्या जागी नेलेले तीन धरून. मग ती म्हणाली, ‘ह्येच्यावर काय लिव्हलंय, तेवढं सांगा.’ मामांनी एकेक कागद वाचायला घेतला. प्रत्येकावर तिचं नाव होतं आणि खाली ‘वाघूर सोडण्यापूर्वी एक पुडी’. चार-पाच कागद झाल्यावर तिनं विचारलं, ‘समद्यांवर माजंच नाव?’ मामा म्हणाले, ‘समद्यांवर. औषध तुमचंच व्हतं ना.’ तिनं ती माळ परत मागून घेतली आणि ओटीत खोचली. मामा त्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाकडून काही म्हणवून घ्यायचं विसरले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तो लपवायला रस्त्याकडे बघत बसलो.

त्यानंतर दर वर्षी कळप खाली जाताना ती दुकानापुढं थांबायची. औषध नको असायचं. मामा ‘बरं हाय का’ विचारायचे, ती ‘बराबर हाय’ म्हणायची आणि निघायची. मामा गेले त्या वर्षीही ती थांबली. फळ्या लावलेल्या होत्या. मी जाऊन तिला सांगितलं. मेंढ्या पुढं सरकत होत्या, मागं ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, आणि ती तशीच उभी. मग तिनं विचारलं, ‘त्यांचं नाव काय व्हतं?’ इतकी वर्षं सगळ्या गिऱ्हाइकांसारखे तिच्यासाठीही ते मामाच होते. मी नाव सांगितलं. तिनं ते हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं आणि कळपामागं चालू लागली.