बघतोसाहेबांची खडीसाखर

बघतोसाहेबांचं खरं नाव पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. तक्रारीच्या खिडकीमागचा तो हसतमुख माणूस काय बोलणार, हे अख्ख्या गावाला पाठ होतं. नळाला पाणी नाही? "बघतो." पाण्याला वास येतोय? "अरेरे, असं कसं झालं? बघतो हं मी." शेजारच्या खिडकीवरचा कारकून नन्नाचा पाढा वाचायचा आणि दिवसभर शिव्या खायचा. साहेबांच्या खिडकीवरून मात्र माणूस खुशीत परतायचा, आणि आपल्या तोंडाला पानं पुसली गेलीत हे त्याला कोपऱ्यावर पोचल्यावर कळायचं. उभ्या नोकरीत साहेबांनी कुणाला कधी 'नाही' म्हटलं नाही. 'हो'सुद्धा म्हटलं नाही, पण त्याबद्दल कोणी तक्रार करायला आलंच, तर खिडकी त्यांचीच होती.

निवृत्तीच्या समारंभात वरिष्ठ म्हणाले, "डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर कशी ठेवावी, ते यांच्याकडून शिकावं." टाळ्या पडल्या. साहेबांच्या बायकोनंही वाजवल्या. तिच्या स्वयंपाकघरातला नळ तेव्हा कित्येक वर्षं ठिबकत होता.

घरातही तोच कारभार. नळ? बघतो. माळ्यावरची गळती? बघतो. मुलीनं एकदा विचारलं, "बाबा, मी याच्याशी लग्न करू ना?" साहेब म्हणाले, "बघतो." मुलीनं रीतसर लग्न केलं, परगावी बिऱ्हाड थाटलं, तिला दोन पोरं झाली, तरी साहेबांचं बघणं काही संपलं नव्हतं. त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कुणाचा चेहरा आपल्यासमोर उतरलेला त्यांना बघवत नसे, एवढंच. तो घरी जाऊन उतरला तर त्यांची काही हरकत नव्हती.

निवृत्त माणूस दिवसभर घरात बसला की बायकोचं डोकं उठतं. या बायकोनं वर्तमानपत्राच्या पुरवणीतलं एक कात्रण त्यांच्यापुढे टाकलं: घरच्या घरी खडीसाखर. "एवढं तरी करा," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "बघतो," आणि कधी नव्हे ते खरोखरच बघितलं. एक वाटी पाण्याला तीन वाट्या साखर, ती पूर्ण विरघळेपर्यंत उकळायची, पाक कोमट झाला की काचेच्या बरणीत ओतायचा. सुती दोरा पाकात बुडवून साखरेत घोळवायचा, कडक वाळवायचा, आणि बरणीच्या तोंडावर आडवी काडी ठेवून तो मधोमध सोडायचा. दोरा ना बुडाला टेकला पाहिजे ना काचेला. आणि शेवटी जाड अक्षरांत लिहिलं होतं: यानंतर काहीही करू नये. बरणी हलवू नये, हात लावू नये, फक्त बघत राहावे.

ते वाक्य साहेबांनी पुन्हा पुन्हा वाचलं. जन्मभर लोक ज्या गुणाला नावं ठेवत आले, तो मागणारं एक तरी काम या जगात आहे, हे कळायला त्यांना निवृत्त व्हावं लागलं. त्यांचे डोळे पाणावले.

पाक अर्थातच बायकोनं उकळला. पहिल्या खेपेला साहेबांनी दोरा नीट वाळवला नाही, त्यामुळे त्याच्यावरची सगळी साखर पाकात विरघळली आणि ओला दोरा तेवढा लोंबत राहिला. दुसऱ्या खेपेला मात्र खडा धरला. पोह्याएवढा, मग वाटाण्याएवढा, मग चक्क पैलू पडलेला. साहेबांनी मागची खोली ताब्यात घेतली. पलंग उभा करून भिंतीला लावला, टेबलावर बरण्यांची रांग मांडली, मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या गोड बोलण्याला बधत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. त्या खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, दार हळू. बायकोनं स्वयंपाकघरात लसूण ठेचायला घेतली की आतून दबलेला आवाज यायचा, "अगं, हादरे बसतात!"

आल्यागेल्याला ते खोली दाखवायचे, उंबऱ्याबाहेरूनच. "काही करायचं नसतं," ते समजावून सांगत. "लोक तिथंच चुकतात." कोणी खडा चाखायला मागितला तर म्हणत, "वाढू दे की अजून थोडा." त्या घरात अजून कुणी खडीसाखर चाखली नव्हती.

अशात एके दुपारी ताईचा फोन आला.

ताई ही साहेबांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा साहेब शाळेत होते. ताई शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करायची. बूट फाटले, की "बघते" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी बूट दारात. परीक्षेची फी? "बघते." फी भरलेली. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे साहेबांनी तिला कधी विचारलं नव्हतं. उत्तर ऐकावं लागलं असतं. आता ती राहायची ती इमारत पाडायला काढली होती आणि महिनाअखेर खोली सोडायची होती.

"बाळ्या," ती म्हणाली, "तुझी मागची खोली रिकामीच असते ना रे? मी येऊ का राहायला? कायमचंच यावं म्हणते. आता या वयात नवी जागा कुठे धुंडाळू?"

साहेबांचा जीव होता ताईवर. ती येणार म्हटल्यावर आधी त्यांना आनंदच झाला, आणि लगेच त्यांची नजर बरण्यांकडे गेली. "ताई, अगं हे काय विचारणं झालं! बघतो मी, तू अजिबात काळजी करू नकोस."

फोन ठेवला तर बायको दारात. "काय सांगितलंत त्यांना?"

"बघतो म्हटलं."

"म्हणजे नाही."

"नाही कुठे म्हटलं मी?"

"हो तरी कुठे म्हटलंत?" एवढं बोलून ती आत गेली. नवऱ्याकडून सरळ उत्तर काढण्यापेक्षा दगडातून पाणी काढणं सोपं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत अशी, की ताई दुसऱ्या गावी राहायची. भावाच्या खिडकीपुढे रांगेत उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. 'बघते' या शब्दाचा तिला एकच अर्थ माहीत होता, तिचा स्वतःचा. बाळ्या बघतो म्हणाला, म्हणजे काम झालं. तिनं भांडी वाटून टाकली, शिवणयंत्र शेजारच्या मुलीला देऊन टाकलं, खोलीची किल्ली मालकाच्या हातात ठेवली, आणि एका संध्याकाळी पत्र्याची ट्रंक घेऊन भावाच्या दारात उभी राहिली.

"आले बाबा एकदाची!" ती म्हणाली. "कुठली खोली झाडून ठेवलीस?"

साहेबांनी तिचं असं काही स्वागत केलं, की मंत्री आला असता तरी लाजला असता. बस, पाणी घे, किती वाळलीस, प्रवास कसा झाला. बोलता बोलता तिची उशी बैठकीतल्या सोफ्यावर गेली. "आपलं तात्पुरतं गं. आत जरा नाजूक काम चाललंय."

ताईनं आत डोकावून पाहिलं. पाहतच राहिली. "अय्या, किती छान दिसतंय रे! हे झालं की खोली मोकळी होईल ना?"

"म्हणजे काय!"

"कधीपर्यंत होईल?"

"वाढ चालू आहे," साहेब म्हणाले. "बघू."

सोफा दोन माणसांना बसायला केलेला होता. ताई त्यावर पाय पोटाशी घेऊन झोपली, दुसऱ्या रात्रीही तशीच झोपली, आणि तिसऱ्या सकाळी तिला उठताना सोफ्याचा हात धरावा लागला. बायकोनं ते पाहिलं, पदर खोचला, तडक मागच्या खोलीत गेली आणि पहिली बरणी उचलली. पाक हिंदकळला.

"नाही!" साहेब ओरडले. "अजिबात नाही! एकही बरणी हलणार नाही या खोलीतून!"

बरणी हातात धरून बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "येतो की तुम्हाला हा शब्द," ती म्हणाली. "मला वाटायचं जीभच वळत नाही. गावानं वाट पाहिली, पोरीनं पाहिली, मी पाहिली. आणि शेवटी निघाला तो कशासाठी? तर साखरेसाठी."

साहेबांनी तिच्या हातातली बरणी काढून घेतली. खडा शाबूत आहे का, हे बघायला ती उजेडात धरली. मग त्यांच्या लक्षात आलं, की बाहेर फार शांत आहे.

सोफ्यावर चादरीची घडी होती. ट्रंक नव्हती. जिन्यावरून इमारतीच्या पहारेकऱ्याचा आवाज येत होता, "सांभाळून हं आजी, कोपरा लागेल."

साहेब तसेच धावले, हातात बरणी, पायात काही नाही. प्रत्येक पायरीला पाक उसळत होता, आधी बाहीवर, मग पोटावर. खाली टॅक्सी उभी होती. ताई मागचं दार धरून उभी होती, ट्रंक अजून जमिनीवर होती. वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली होती.

"ताई, अगं असं काय करतेस? गैरसमज झाला तुझा. तू माझ्यासाठी केलंस ते मी विसरेन का कधी? आपण असं करू—"

"बाळ्या," ताई म्हणाली, "गोड नको बोलूस. माझ्या कानांना अजून बरं ऐकू येतं." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच साहेबांना तो सहन होईना. "नाहीची मला भीती नाही रे. दुकानदारानं कामाला नाही म्हटलं, की मी पुढचं दुकान गाठायची. फोनवर नाही म्हणाला असतास, तर रडले असते आणि दुसरी सोय पाहिली असती. तू मला भिजत ठेवलंस. मी घर मोडून आले. बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळते म्हणतात, तिथं विचारते आता."

साहेबांनी तोंड उघडलं. जिभेवर तयार असलेली सगळी वाक्यं एकेक करून पुढे आली, आणि ताईच्या तोंडाकडे बघून माघारी गेली. तिचा चेहरा उतरला होता. त्यांच्यासमोर, भर उजेडात, त्यांच्यामुळे. जन्मभर जे बघायचं टाळलं, ते बघताना त्यांना इतकी लाज वाटली, की पायाखालची फरशी उचकटून आत जावंसं वाटलं.

"एका शब्दात सांग," ताई म्हणाली. "राहू का नको?"

टॅक्सीवाल्यानं इंजिन बंद केलं. गॅलऱ्यांमधले लोक पुढे वाकले. त्यातले निम्मे कधी ना कधी त्या खिडकीवर उभे राहून आले होते.

"हो," साहेब म्हणाले. "राहा."

सगळे पुढच्या 'पण'ची वाट बघत थांबले. बायको जिन्याच्या तोंडाशी थांबली. ताईसुद्धा थांबली. साहेबांच्या बाहीवरून पाक टपटप फरशीवर पडत होता, आणि 'पण' काही आला नाही. त्यांनी बरणी पहारेकऱ्याच्या हातात दिली.

"मग उभा काय राहिलास?" ताई म्हणाली, आणि ट्रंकेची एक कडी धरून दुसरी तिनं त्यांच्या चिकट हाताकडे केली.