आठव्याचं काय?

जादूच्या राज्यावर कादंबऱ्या लिहिणारे ते लेखक दवाखान्यात आहेत, असं आमच्या ग्रंथपालांनी काउंटरवर सांगितलं. निवृत्त शिक्षिका कुलकर्णीबाई तिसऱ्यांदा वाचलेला सातवा भाग परत करायला आल्या होत्या. “अगं बाई!” छातीवर हात ठेवत त्या म्हणाल्या, “मग आठव्याचं काय?”

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं. सातवा भाग येऊन नऊ वर्षं झाली आणि राजकन्या अजून दरीच्या काठाला एका हाताने लोंबकळते आहे. त्या शेवटच्या पानावर वाचक पेन्सिलीने लेखकाला शिव्या लिहितात. ग्रंथपाल खोडतात, पुन्हा कुणीतरी लिहितं. त्यातली एक शिवी माझ्या अक्षरात आहे.

कधीच नसलेल्या त्या पोरीसाठी मी ढसाढसा रडलो होतो. आता खराखुरा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, तर डोळ्यांत टिपूस नाही. फक्त राग, की अर्धवट टाकून निघाला.

घरी जाताना वाटेतल्या मारुतीपुढे हात जोडले. म्हटलं, त्यांना आयुष्य दे. फार नको, आठवा भाग लिहून होईपर्यंत.