सारवलेल्या अंगणातल्या वहाणा

शेजारच्या पोफळीच्या वाडीचे मालक भारी बोलघेवडे. दर वाक्याला ‘काय म्हणतो मी?’ हवंच. त्यांना मधुमेह. एकदा काटा रुतला तो कळलाच नाही आणि पायाचा अंगठा चिघळला. डॉक्टरांनी बजावलं, “साखरेनं रक्तवाहिन्या बिघडल्यात, टोकापर्यंत रक्त पोचत नाही. अनवाणी फिरलात तर अंगठा जाईल.”

“म्हणजे पाटात गाळ साचला नि शेवटची पोफळ तहानलेली. काय म्हणतो मी?”

दुसऱ्या दिवशी गृहस्थ वहाणांसकट माझ्या ओल्या सारवणावर!

“अहो भावोजी, वहाणा!”

“वहिनी, अंगण उद्या पुन्हा सारवाल. अंगठा कुठून आणाल?”

मला हसूच फुटलं. पुन्हा शेण कालवलं, पण वहाणा काढा असं त्यांना त्यानंतर कधी म्हटलं नाही.