अंबादास काकांचा डावा पाय

आमच्या बोरिवलीत पारा सतरावर आला की अख्खी सोसायटी कानटोप्या घालून फिरते. थंडी कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नाही. आणि त्याच बोरिवलीत जन्मलेली मी, बर्फातल्या गाड्यांसाठी ऊब तयार करायला निघाले होते. लोक हसायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं.

विजेच्या गाडीला हिवाळा बाधतो. हीटर बॅटरीवरच चालतो, त्यामुळे गाडी निम्म्या वाटेतच दम टाकते. आमच्या अंधेरीच्या छोट्या कंपनीने त्यावर एक पेटी बनवली होती. चार्जिंग चालू असताना पेटीतला मिठासारखा क्षार वितळतो आणि वाटेत पुन्हा गोठताना साठवलेली उष्णता परत देतो. बॅटरीला हात लावायचं काम नाही. पहिली गाडी हिमालयातल्या एका शाळेसाठी होती. चौदा मुलं आणि दीड तासाची वाट.

पण तपासायची कुठे? भांडुपला मासळीचं एक शीतगृह आहे. मासेमारी बंदीच्या दिवसांत त्याची मोठी खोली रिकामी असते. बाहेर घामाच्या धारा, आत वजा अठरा. गाडीला धूर नाही म्हणून मालकांनी ती आत घेऊ दिली. तिथे अंबादास काका भेटले.

मूळचे हिंगोलीकडचे, या शीतगृहात एकवीस वर्षं. बोलणं मोजकं. आमच्या ऑफिसातली मुलं दहा मिनिटांत दात वाजवत बाहेर आली, तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, मी बसतो ना. मला सवय हाय."

तापमानाची यंत्रं आम्ही छातीच्या उंचीवर लावली होती. पायांचं काकांनी सांगायचं, ही माझी हुशारी. ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर दीड-दीड तास बसले. मी दर दहा मिनिटांनी फोनवर विचारायचे, "काका, पाय?" ते म्हणायचे, "गरम." दोन दिवस हेच उत्तर. मी खूश होऊन अहवाल लिहायला घेतला. शुक्रवारी गाडी रवाना होणार होती.

गुरुवारी तिसरी फेरी संपवून काका थेट कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात डावा गमबूट. त्याच्या टोकाला धरलेला बर्फ अजून विरघळत होता.

"ह्ये बघा. उजवा बूट कोरडा हाय. डावा दरवाज्याकडं असतो."

"पण तुम्ही तर गरम म्हणालात!" माझा आवाज चढला.

ते खाली बसले आणि मोजा काढला. तीन बोटांना नखं नव्हती, कातडी मेणासारखी पांढरी. "ह्याला सहा वर्षांपास्नं काय कळत नाय. उजव्याला गरम लागलं, मी दोघांचं सांगितलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेबांना नका सांगू. आतल्या कामावरनं काढतील. पोरीचं, सपनाचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय."

"मग मला तरी कशाला सांगितलंत?" हे विचारल्याची मला आज लाज वाटते.

"दरवाज्यापाशी एखादं लेकरू बसंल ना."

मग मी स्वतः त्या जागेवर बसले. विसाव्या मिनिटाला डाव्या पायात सुया टोचू लागल्या, तिसाव्याला मी रडत बाहेर आले. ऊब नेणारी नळी मी गाडीच्या फक्त मधोमध टाकली होती. दारांच्या कडेने दुसरी नळी टाकायला सहा आठवडे गेले.

अहवालात उशिराचं कारण लिहावं लागलं. नळी चुकली, एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. मी लिहिलं, 'चाचणीला बसलेल्या व्यक्तीच्या पायाला संवेदना नव्हती.' नाव टाकलं नाही, म्हणून स्वतःला शहाणी समजले. पण बसलेली व्यक्ती एकच होती, आणि अहवालाची प्रत शीतगृहालाही जाते. माझी चूक झाकायला मी काकांचा पाय पुढे केला होता.

शीतगृहाचे मॅनेजर चंद्रप्रकाश यांनी आठवड्याभरात काकांना गेटवर बसवलं. थंडीभत्ता गेला. डॉक्टर म्हणाले, बरंच झालं, नाहीतर बोटं कापावी लागली असती. मी माफी मागायला काकांच्या घरी गेले, तेव्हा द्रौपदी काकूंनी चहा दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. काका एवढंच म्हणाले, "गाडी गेली का?"

गाडी सप्टेंबरात गेली. जानेवारीत तिच्या ड्रायव्हरने व्हिडिओ कॉल करायचं कबूल केलं, तेव्हा मी फोन घेऊन भांडुपच्या गेटवर जाऊन बसले. पडद्यावर गाडीच्या खिडक्यांबाहेर सगळं पांढरं होतं. ड्रायव्हर हसून सांगत होता, एक तास झालाय, मुलांनी बूट काढून ठेवलेत.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, दरवाज्यापाशी बसलंय त्याला विचारा. डावा पण?"

मी विचारलं. दाराशेजारच्या एका लहान मुलीने डावा मोजा ओढून काढला, पाय वर करून कॅमेऱ्यासमोर धरला आणि पाचही बोटं हलवून दाखवली.