नातवाच्या टबातली पांढरी मरळ

गेल्या मार्चमध्ये अनसिंगजवळच्या एका तलावात देवराव या मासेमाराच्या जाळ्यात पांढरी मरळ आली. मरळ मूळची काळपट असते. ही दुधाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी देवरावांचा फोन आला. तिच्यासोबत टबात ठेवलेल्या चार काळ्या मरळीही फिक्या पडल्या होत्या.

मत्स्यव्यवसाय खात्यात या भागाचं फील्डचं काम माझ्याकडे होतं. पोचलो तेव्हा टबाभोवती गाव जमलं होतं.

“पान्यात जहर हाय म्हनून राह्यले सारे,” देवराव म्हणाले. “उद्या बाजार. आमचा माल कोन घेईन?”

वाशीमला साहेबांना कळवलं.

“पाण्याचं सॅम्पल पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत मासेमारी बंद.”

“सर, संध्याकाळपर्यंत थांबा. टब पांढरा आहे.”

मरळ जिवंत विकली जाते. एरवी देवराव ती काळ्या पिंपात ठेवतात. या वेळी त्यांच्या पत्नी सिंधूबाईंनी नातवाच्या आंघोळीचा टब काढला होता.

“अशी पाहुनी पिंपात ठेवाची का?” त्या म्हणाल्या. “एकटी घाबरंन म्हनून सोबतीले चार टाकल्या.”

माशाच्या कातडीत रंगाचे बारीक कण असतात. गडद जागी ते पसरतात, उजळ जागी आकसतात. पांढऱ्या भांड्यात मासा काही तासांत फिका पडतो. पाचही मरळी मी पिंपात टाकायला सांगितल्या.

“पोरगं आपला टब मागून राह्यलं. पयलेच पिंपात ठेवाले काय झालं होतं?” देवराव बायकोला म्हणाले.

“मंग तुमी बसा पिंपात.”

दुपार कलली तेव्हा चौघी काळ्या झाल्या होत्या. पाचवी पांढरीच राहिली. तिचे डोळे काळे होते. म्हणजे फक्त कातडीतला रंग जन्मतः नव्हता. याला ल्युसिझम म्हणतात. ती लागण नव्हे. तलावातून नव्याने काढलेले मासेही नेहमीच्या रंगाचे होते.

साहेबांना फोटो पाठवले.

“पाचवीचं काय?”

“ती तशीच जन्मली, सर.”

“सॅम्पल तरी पाठवाच. विक्री चालू ठेवा.”

दुसऱ्या दिवशी अनसिंगच्या बाजारात सगळा माल विकला गेला. पांढरी मरळ सिंधूबाईंनी विकू दिली नाही. “नातवाच्या टबात राह्यली, आता घरचीच,” म्हणून ती तलावात सोडली. सॅम्पलमध्ये दोष निघाला नाही.

पावसाळ्यात देवरावांनी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. काठच्या गवतात ती पांढरी मरळ होती. भोवती पिल्लांचा घोळका होता. पिल्लं इतर मरळींच्या पिल्लांसारखीच, लालसर होती.